डावीकडची कोरी, उजवीकडची सरस

"मॅडम, हे बघा ना. कापूस निघून राहिला."

मंजिरी लोणारे फ्रीज-ड्रायरचं झाकण उघडून उभी होती. तिच्या हातातल्या कुपीच्या तळाशी खरंच पांढरा, हलका, वातीला घ्यावा असा कापूस होता. मी चष्मा कपाळावर सरकवून दुसरी कुपी उचलली. तिच्यातही कापूस. तिसरीतही.

"कुठली हाडं ही?"

"आसरखेड्याची. उजव्या कपाटातली. गाय, शेळी, डुक्कर, चितळ आन् ते एक कुत्रं."

मंजिरी भंडाऱ्याची. शांत असली की पुस्तकासारखं बोलायची, आनंद झाला की गावाकडचं. त्या दुपारी ती पूर्ण भंडाऱ्याला पोचली होती. मी तिच्या पाठीवर थाप द्यायला हवी होती. ती मी दिली नाही, कारण तो कापूस मला आवडला नाही.

आसरखेडे म्हणजे गिरणा नदीच्या काठावरचं पांढरीचं, जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं राहिली, जनावरं राखली, खाल्ली, हाडं फेकली. आपल्याकडच्या मातीत नि उन्हाळ्यात हाडाचं काय होतं हे मला चांगलं माहीत होतं. आमच्या पुरातत्त्व संस्थेत माझं कामच ते होतं. तुकडा बघायचा आणि हे शेळीचं ढोपर, हा डुकराचा जबडा असं सांगायचं. मंजिरीचं काम माझ्यानंतरचं. ती हाडाचा तुकडा सौम्य आम्लात विरघळवायची, त्यातलं कोलॅजन, म्हणजे हाडाला धरून ठेवणारा चिवट धागा, वेगळं काढायची आणि ते दुसऱ्या एका संस्थेतल्या यंत्राकडे पाठवायची. त्यातला कार्बन आणि नायट्रोजन मोजला की जनावर जिवंतपणी काय खात होतं ते कळतं. बाजरीचा कडबा खाणाऱ्याचा आकडा वेगळा, रानातला पाला खाणाऱ्याचा वेगळा. मांस खाणाऱ्याचा नायट्रोजन चढा. माणूस मेल्यावर लोक त्याच्याबद्दल काहीही सांगतात, जेवणाचा हिशेब मात्र हाडात खरा राहतो. हाड टिकलं तर.

आमची हाडं टिकलेली नसत. आम्लात टाकली की ती नुसती फसफसून संपत आणि तळाला तपकिरी गाळ राही, कधी तोही नाही. संस्थेत आल्यापासूनच्या दोन वर्षांत मंजिरीने काढलेलं सगळं कोलॅजन एका चमच्यात मावलं असतं आणि चमचा अर्धा रिकामा राहिला असता. आणि आता एकाच खेपेला कुप्या भरून कापूस. आयुष्यभर मुठी आवळलेला माणूस अचानक वाटायला निघाला की माझी आई आधी दाराची कडी बघायची. मी आईची मुलगी.

"कर्णिक सरांना सांगू?" मंजिरीने विचारलं.

सांगावं लागलं नाही. डॉ. विद्याधर कर्णिक, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख नि मंजिरीचे मार्गदर्शक, दारात उभे होते. त्यांच्या चपलांचा आवाज येत नसे. चांगल्या बातमीचा वास मात्र त्यांना तीन खोल्यांपलीकडून येई.

त्यांनी कुपी उजेडात धरली, बराच वेळ बघितली. आसरखेड्याच्या उत्खननात ते विद्यार्थी म्हणून होते. ऐन उन्हात महिनोन्‌महिने खणलं होतं, आणि त्या टेकाडावर आपलं नाव लागावं ही त्यांची तेव्हापासूनची इच्छा होती.

"अण्णा म्हणालेच होते," ते मऊ आवाजात म्हणाले. "मंजिरी, ह्याचा लेख होणार. पहिलं नाव तुझं."

मंजिरी लाजली. मी खिडकीबाहेर बघितलं.

कर्णिकांच्या हाताखाली मी सोळा वर्षं काढली होती. ह्या माणसाने कुणाच्या नावाआधी आपलं नाव ठेवलं नाही असं एकदाच घडलं होतं, सुहास देवच्या वेळी. मातीच्या भांड्यांच्या कालगणनेचा तो लेख पुढे सपशेल चुकीचा निघाला. चौकशी झाली. कर्णिक म्हणाले, मी केवळ मार्गदर्शक, मुलाच्या उत्साहाला किती आवर घालणार. पहिलं नाव सुहासचं होतं. सुहास हल्ली मेव्हण्याच्या मंगल कार्यालयात पंगतीची ताटं मोजतो आणि मला भेटला की आग्रहाने जिलबी वाढतो.

"सर, आकडे येऊ द्यात ना," मी म्हटलं. "लेख कुठे पळून जातोय."

"टिपणीसबाई," ते हसले, "तुम्ही बारशालाही तेराव्याचा स्वयंपाक विचारता."

अण्णा म्हणाले होते हे मात्र खरं. मी तिथेच होते.

अण्णासाहेब परचुरे आमचे निवृत्त संचालक. आसरखेडे त्यांनीच खणलं. खुर्ची सोडली तरी हाडांच्या कोठीची किल्ली त्यांनी सोडली नव्हती. नव्वदीला टेकल्यावर एके दिवशी रिक्षाने आले, कोठी स्वतः उघडली, काठी टेकत आत गेले. आत दोन लोखंडी कपाटं. अण्णांनी काठीने एक दाखवलं, मग दुसरं.

"डावीकडची कोरी, उजवीकडची सरस. काय ते समजून घ्या."

एवढंच बोलून किल्ली कर्णिकांच्या हातात दिली आणि निघाले. कर्णिकांनी मान डोलावली. मंजिरीचे डोळे उजव्या कपाटाकडे गेले, माझेही. डावीकडच्या हाडांवर क्रमांक नसतील, ती कोरी. उजवीकडची चांगल्या प्रतीची, सरस. असा सरळ अर्थ होता. मला फक्त एक नवल वाटलं. अण्णांनी हयातीत कशाची तारीफ केलेली मी ऐकली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या सत्कारातसुद्धा ते हारातली शेवंती शिळी आहे म्हणाले होते.

आकडे आले ते एका शनिवारी. कर्णिकांच्या खोलीत आम्ही तिघं. मंजिरीने कागद टेबलावर पसरला आणि सर वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढायला लागलं.

आधी शुद्धतेची परीक्षा. कोलॅजन कुजलेलं असलं तर कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण बिघडतं. इथे सगळ्यांचं अगदी मापात. पैकीच्या पैकी पास. नंतर मुख्य आकडे. गाय, कडबा. शेळी, कडबा. डुक्कर, कडबा. चितळ, कडबा. कुत्रं, तेही कडबा. आणि नायट्रोजन सगळ्यांचा जवळपास एकच. जणू पाचही जणांनी जन्मभर एका पंगतीला बसून एकाच ताटात जेवण केलं होतं.

"सर, चितळाने कडबा खाल्ला?"

"खाल्ला."

"रानात?"

"रानात कशाला? गोठ्यात." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "टिपणीसबाई, काय आहे हे तुमच्या लक्षात येतंय का? ते लोक चितळं पाळत होते. बांधून, हाताने चारत होते. आत्तापर्यंत कुणी हे म्हटलेलं नाही."

"आणि कुत्रं?"

"तेही घरचंच खात होतं. तुमचं कुत्रं काय खातं?"

"बिस्किटं. पण मांजराचं पिल्लू सापडलं तर नाही म्हणत नाही. ह्याच्या नायट्रोजनात मांसाचा मागमूस नाही, सर. शेळीएवढा सोवळा कुत्रा मी पहिल्यांदा बघतेय."

मंजिरी फिस्कन हसली, मग सरांकडे बघून थांबली. सर हसले नव्हते.

"अपवाद समजावून सांगायचा असतो," ते म्हणाले, "त्याची टिंगल करायची नसते. पुढच्या सोमवारी अनुदान समिती येतेय, लेख त्याआधी पाठवून देऊ. मंजिरी, तू बोलणार. हाडं तू धुतलीस, कोलॅजन तू काढलंस, आकडे तुझे. मी मागे बसेन."

मागे बसेन. हे शब्द ऐकले आणि मला जिलबीची चव आठवली.

बाहेर आल्यावर मंजिरी कठड्याला टेकून उभी राहिली. तिची शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती. प्रबंध आसरखेड्यावर नोंदवलेला, विषय बदलायची मुदत टळलेली. ह्या कापसावर पदवी उभी राहणार होती, नाहीतर भंडाऱ्याची गाडी. तिचा धाकटा भाऊ फोनवर रोज विचारायचा, "डॉक्टर झालीस का, की अजून कंपाउंडरच?"

"मॅडम, तुम्हाला हे खरं वाटत नाही ना?"

"सगळ्यांचा हिशेब इतका बरोबर जुळला की मी मुनीमाकडे बघते."

"मुनीम तर मीच आहे."

"म्हणूनच म्हणते."

तिने हात न्याहाळले. आम्लाने बोटांची कातडी सोलली होती. "मी चूक केली असंल का? सगळं सांगितल्यासारखं केलं. वरचा थर खरवडला, पाण्यातनं काढलं. एकही पायरी सोडली नाही."

"तुझी चूक नाही," मी म्हटलं, आणि तसं मी कशावरून म्हणतेय ते मलाच ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी समितीसाठीचा अहवाल बांधायला आम्ही दोघी शहरातल्या एका बाइंडरकडे गेलो. बोळातलं दुकान, दारात कापलेल्या कागदांच्या झिरमिळ्या, आत एका कोपऱ्यात स्टोव्हवर पत्र्याचं भांडं ठेवलेलं. त्याचा उग्र, खारट, ओल्या खुरासारखा वास सगळ्या दुकानात भरून राहिला होता. मी पदर नाकाला लावला.

"पाठीला फेविकॉल लावू की सरस?" बाइंडरने विचारलं. "दोन्ही आहे."

"टिकेल ते लावा."

"मग सरस. फेविकॉल सुकला की तडकतो. हा पिढ्यान्‌पिढ्या धरतो." त्याने भांड्यात ब्रश बुडवला.

"वासावरून तर स्मशान वाटतंय. कशाचा करतात हो हा?"

"कशाचा म्हणजे? कातडी नि हाडं उकळून. जनावराचाच असतो सरस."

मी पुढे काहीतरी चेष्टा करणार होते. तेवढ्यात मंजिरीने माझा दंड धरला. इतका घट्ट, की बांगडी रुतली. ती त्या ब्रशकडे बघत होती. तपकिरी, चकचकीत द्रव कागदांच्या पाठीवर पसरत होता आणि बघता बघता आत मुरत होता.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज पुस्तकातला होता, भंडाऱ्याचं नामोनिशाण नव्हतं. "अण्णा काय म्हणाले होते? डावीकडची कोरी."

"उजवीकडची..." मी म्हटलं आणि उरलेला शब्द माझ्या तोंडात तसाच राहिला.

फोन मी दुकानाबाहेर उभं राहून केला. अण्णांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे मला ओरडावं लागलं आणि बोळातले लोक वळून बघायला लागले.

"अण्णा, आसरखेड्याच्या हाडांना सरस लावला होता का?"

"नाही लावणार तर काय करणार?" अण्णा माझ्याहून मोठ्याने ओरडले. "हात लावला की पीठ व्हायचं हाडाचं. कढत सरस ब्रशने पाजायचा, सुकला की उचलायचं. घट्ट होती ती कोरीच उचलली, डाव्या कपाटात गेली. सांगितलं नव्हतं का मी? डावीकडची कोरी, उजवीकडची सरस."

"आम्हाला वाटलं, सरस म्हणजे चांगली."



"चांगली?" अण्णा म्हणाले. "टिपणीस, ती सगळ्यात वाईट होती. म्हणून तर सरस."

त्यांनी फोन ठेवला. मंजिरीला सांगायची गरज नव्हती. निम्म्या बोळाने ऐकलं होतं.

ती पायरीवर बसली. कापूस कुठून आला ते आता स्पष्ट होतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चितळाचं त्यात काही नव्हतं. उत्खननाच्या वर्षी कुठल्याशा कत्तलखान्यातली गुरं उकळून केलेला सरस त्या भुसभुशीत हाडांत खोलवर मुरला होता, आणि मंजिरीने मन लावून, एकही पायरी न सोडता, तो बाहेर काढला होता. कडबा खाल्ला होता तो त्या गुरांनी. आणि सरस म्हणजे शेवटी कोलॅजनच, त्यामुळे शुद्धतेच्या परीक्षेत तो पहिल्या वर्गात पास होणारच होता.

"सरांना सांगू," ती म्हणाली. "त्यांनाही आपल्यासारखंच वाटलं असंल. त्यांची बिचाऱ्यांची केवढी निराशा होईल."

मीही तेव्हा हेच धरून चालले होते.

कर्णिक खोलीत एकटेच होते, सोमवारच्या आसनव्यवस्थेचा कागद तपासत होते. कुणाला कुणाशेजारी बसवायचं ह्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मंजिरी टेबलापुढे उभी राहिली. वाटेत तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं, सरांना धक्का बसू नये असं.

"सर, उजवीकडच्या हाडांत एक अडचण आहे. ती शुद्ध नाहीत. त्यांच्यावर बाहेरचं काहीतरी आहे असं वाटतं."

सरांनी मान वर केली नाही. एक नाव खोडून दुसरीकडे लिहिलं.

"सरस गरम पाण्यात निघून जातो," ते म्हणाले. "तू धुतली होतीस ना नीट?"

खोलीत पंखा फिरत होता. मंजिरीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आम्ही दोघींनी दार उघडल्यापासून सरसाचं नाव काढलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने सरांच्या लक्षात आलं. पेन्सिल थांबली. त्यांनी वर बघितलं, आणि मला भीती वाटली ती ह्याची, की त्या चेहऱ्यावर काहीही बदललं नव्हतं.

"बस, मंजिरी."

ती बसली नाही. "सर, तुम्हाला माहीत होतं."

"चुलीवरचं भांडं ढवळायला मीच असायचो. अण्णा मला सरसोबा म्हणायचे." ते किंचित हसले. "माहीत असणं आणि सिद्ध होणं ह्यात फरक आहे. सरस म्हणजे तरी काय? हाडाचाच रस. यंत्राला तो ओळखता येत नाही. तुला येतो का? टिपणीसबाईंना येतो का? काही हाडांत मूळचं कोलॅजन असेलही. नाही असं कोण म्हणेल?"

"कालमापनाला एक नमुना पाठवला तर कळेल," मी म्हटलं. "चितळ परवा-परवापर्यंत जिवंत होतं असं उत्तर येईल."

"त्याला पैसे लागतात. पैसे समिती देते. समिती सोमवारी येतेय." ते मंजिरीकडे वळले आणि आवाज आणखी मऊ झाला. "हे बघ. तू गप्प राहिलीस तर मार्चमध्ये प्रबंध जातो, तू डॉक्टर होतेस. बोललीस तर पहिला प्रश्न काय येईल? हाडं तपासून का नाही घेतली? कुणी धुतली? लेखावर पहिलं नाव कुणाचं? मी तुला भीती घालत नाही. कागद कसे दिसतील ते सांगतोय."

"म्हणून तुम्ही माझं नाव पहिलं..."

"मी म्हणून तुझं नाव मोठं करत होतो. विचार कर. दोन दिवस आहेत."

 जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबून मंजिरी म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला काही सांगू नका. तुम्ही सांगितलं तर मी तुमचं ऐकीन, आन् मग ते तुमच्या नावावर पडंल."

मी सांगितलं नाही. रविवार मी कसा काढला ते विचारू नका. साधी भाजी दोनदा करपली.

सोमवारी समिती आली. मधोमध अध्यक्ष, केंद्राकडून आलेले जाडजूड गृहस्थ, बिस्किटं बुडवून खाणारे. कर्णिक शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, हाताची घडी. मंजिरीने इस्त्रीची साडी नेसली होती आणि पहिली दहा मिनिटं ती इतकं सुरेख बोलली, की माझा धीर सुटत गेला. पांढरीचं टेकाड, गिरणा, तीन हजार वर्षं, कापूस. गाय, शेळी, डुक्कर, चितळ, कुत्रं. पडद्यावर आकडे आले आणि अध्यक्षांचं बिस्कीट चहात तुटलं.

"चितळ पाळत होते?" त्यांनी विचारलं.

"नाही सर," मंजिरी म्हणाली. "हे आकडे चितळाचे नाहीत. हे सरसाचे आहेत."

मग तिने सगळं सांगितलं. शांतपणे, क्रमाने. शब्दाचा घोटाळा सांगितला तेव्हा दोघं-तिघं हसलेसुद्धा. कुणी ते आधीच जाणत होतं, हे मात्र तिने सांगितलं नाही. "चूक माझ्या हातून झाली आहे," एवढंच म्हणाली. "हा लेख मी मागे घेते. पहिलं नाव माझं आहे, तेवढा अधिकार मला असावा."

 अध्यक्षांनी चष्मा काढला. मी मागे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं.

कर्णिक उठले होते. टाळ्या वाजवत होते, सावकाश, पुढे येत होते.

"मला हेच ऐकायचं होतं," ते म्हणाले. "गेले दोन महिने मी थांबलो होतो. आपला विद्यार्थी सोप्या यशाला भुलतो की मुळाशी जातो, हे बघायला. मला स्वतःला सरस ठाऊक होता, भांडं मीच ढवळलंय. सांगून टाकलं असतं तर ही शिकली असती का? आज आपल्याकडे जुन्या उत्खननांची हजारो हाडं सरस पाजून ठेवलेली आहेत. ती ओळखायची कशी, ह्याची पद्धत बसवायला आमच्या प्रयोगशाळेला आपण साहाय्य करावं."

अध्यक्षांनी उभं राहून त्यांचा हात हातात घेतला. मी मनातल्या मनात त्या माणसाला दंडवत घातला. बुडीत खातं उभ्या उभ्या जमेला लावणारा मी दुसरा बघितलेला नाही. मंजिरी पडद्याशेजारी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अजून तिचेच आकडे पडलेले होते.

अनुदान मिळालं. संध्याकाळी सर प्रयोगशाळेत आले आणि तिच्या खांद्याला हात न लावता, पण थोपटल्यासारखाच आवाज काढून म्हणाले, "छान बोललीस. आता डावीकडची कर. कोरी. प्रबंध त्याच्यावरच लिही. खरा असेल."

कोरी हाडं बाहेरून घट्ट होती, एवढंच. आत मातीने सगळं खाल्लं होतं. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, मंजिरीलाही होतं. तरी ती रोज येऊन हाड विरघळवत राहिली. आम्ल फसफसायचं, निवायचं, तळाला काही नसायचं. ती कुपी धुऊन पालथी घालायची. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पालथ्या कुप्यांची रांग खिडकीपर्यंत गेली. मी म्हणायचे, डबा खाऊन घे. ती म्हणायची, अजून एक. मुदतवाढीच्या अर्जावर सरांनी नकार लिहिला नाही. तसं लिहिणारा माणूस नव्हता तो. विचाराधीन, असं लिहिलं. मार्च संपला तरी विचार चालूच होता.

ती गेल्यानंतर सरस ओळखण्याच्या पद्धतीवर सरांचा लेख आला. एकट्याच्या नावाने. शेवटी लहान अक्षरांत, साहाय्याबद्दल कु. मं. लोणारे ह्यांचे आभार.

जायच्या आधी तिने शेवटचं एक हाड लावून ठेवलं होतं. चितळाच्या घोट्याचं, डाव्या कपाटातलं. मी कुपी उघडली तेव्हा तळाला मळकट, भुरकट, चिमटीत येईल न येईल इतकं काहीतरी होतं. ते कापसासारखं मुळीच दिसत नव्हतं. मी ते माझ्या नावाने, माझ्या ओळखीवर यंत्राकडे पाठवलं, आणि आकडा आला त्या दिवशी भंडाऱ्याला फोन लावला. ती तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागली होती. मागे पोरांचा गलका चालला होता.

"निघालं का काही?" तिने विचारलं.

"निघालं. चिमूटभर. खरं आहे ते."

"काय खात होतं?"

"पाला. रानातला. कडब्याला आयुष्यात तोंड लावलं नव्हतं त्याने."

पलीकडे तिने वर्गाला दटावलं.

"म्हणजे गोठा नव्हताच," ती म्हणाली. "बरं झालं मॅडम. सुटलं ते."